कोरडा हात

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात सगळे मला डॉक्टरच म्हणतात आणि मी आजवर एकालाही अडवलं नाही. गोंदियाला एका होमिओपॅथीच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब वारले, दवाखाना बंद पडला, तेव्हा मी केशोरीच्या पलीकडल्या आमच्या गावी परत आलो आणि घराच्या पुढच्या खोलीत काचेचं कपाट मांडून बसलो. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, वर चार थेंब औषध, कागदाची पुडी. लोक बरे होत. बहुतेक लोक आपोआपच बरे होतात, पण त्याचं श्रेय घ्यायला समोर कोणीतरी बसलेलं असावं लागतं. ते काम मला छान जमायचं.

कपाटाच्या वरच्या फळीवर पत्र्याचा एक डबा आहे. त्यात पिवळी पूड. हळदीपेक्षा फिकट आणि पिठापेक्षा कितीतरी मऊ. चिमटीत धरली तरी काही धरल्यासारखं वाटत नाही. हिमालयाकडच्या डोंगरात शेवाळासारखी जमिनीवर सरपटणारी एक वनस्पती असते, तिच्या बारक्या कणसांतून ही झडते. डब्यावरचं नाव लायकोपोडियम, डॉक्टरसाहेब लाडानं ‘लायको’ म्हणायचे. पावसाळ्यात गोळ्या एकमेकींना चिकटतात, त्यांना ही पूड चोळली की सुट्या राहतात. तान्ह्या बाळाची जांघ लाल झाली की तिथं लावतात. घामोळ्यांवर चालते. वडशाकडचे नाटकवाले तर हिच्यावर जीव टाकतात, कारण दिव्यावर फुंकली की भपकन जाळ उठतो आणि क्षणात विझतो. राक्षस प्रकट होतो, लोक टाळ्या वाजवतात, कोणाचं काही जळत नाही.

पण सगळ्यांत मोठी गंमत पाण्याची. पूड लावलेलं बोट पाण्यात बुडवलं तर कोरडंच्या कोरडं बाहेर येतं. पाणी तिला शिवतच नाही. डॉक्टरसाहेब रडणाऱ्या पोरांना काचेच्या पेल्यात हा खेळ दाखवायचे. पाण्याखाली बोट चांदीचं असल्यासारखं चमकायचं, आणि पोरं रडणं विसरायची. ती चमक मी एकोणीस वर्षं पाहिली. जेव्हा आठवायला हवी होती, तेव्हाच आठवली नाही.

कवडूनं ही पूड पहिल्यांदा पाहिली ती माझ्याच घरी. कवडू आमच्या गावच्या मातामायचा पुजारी, माझ्याच वयाचा, आवाजानं मऊ माणूस. नातवाची जांघ सोलवटली म्हणून आला होता. पूड देऊन गप्प बसलो असतो तर भागलं असतं, पण मला विद्या दाखवायची खाज. मी पेल्यात पाणी घेतलं, वर पूड भुरभुरली आणि म्हटलं, घाल बोट. त्यानं घातलं, काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं. या खेळाला सगळे हसतात. कवडू हसला नाही. जाताना म्हणाला, थोडी जास्त दे.

त्या वर्षीच्या नवरात्रापासून गावात पाण्याची साक्ष सुरू झाली. ज्याच्यावर संशय असेल त्यानं मातामायपुढे यायचं आणि पाण्यानं भरलेल्या तांब्याच्या गुंडात हात घालायचा. त्याआधी कवडू पाण्यावर भंडारा टाकायचा. हात कोरडा निघाला तर माणूस खरा, ओला निघाला तर खोटा. कवडूच्या कमरेला दोन पिशव्या असत. डावीत साधी हळद, उजवीत माझी पूड. ज्याला सोडवायचं त्याच्यासाठी उजवी, ज्याला अडकवायचं त्याच्यासाठी डावी. गुंडाचं तोंड अरुंद, आत अंधार, त्यामुळे आत हाताचं काय होतं ते कोणाला दिसायचं नाही. कोंबड्या चोरल्याचा आळ आलेला एक माणूस असा सुटला. सासूच्या पाटल्या हरवल्या तेव्हा एक सून सुटली. मला वाटायचं, बरंच चाललंय की. ओल्या हातांचं पुढे काय झालं, ते मी विचारायला गेलो नाही.

कवडू उपकार ठेवणारा नव्हता. आजारी माणूस मातामायच्या ठाण्यावर आला की त्याला अंगारा लावून तो म्हणायचा, आता खुशालकडून गोळ्या घे. अर्धा गाव माझ्या ओट्यावर आला तो असा.

गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता उमेंद्रची टिंकू तापली. सहा वर्षांची पोर. उमेंद्र हा उदारामचा पुतण्या, आणि उदाराम माझा शाळेपासूनचा मित्र. उदाराम जाऊन सात वर्षं झाली. त्याची बायको शामकला उमेंद्रच्या भिंतीला लागूनच्या घरात एकटी राहते. राहायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. टिंकूला जन्मापासून न्हाऊ घालणारी, तिची जावळं विंचरणारी तीच.

टिंकूचा ताप हुडहुडी भरून चढायचा आणि दरदरून घाम फुटून उतरायचा. आमच्या धानाच्या मुलखात हा ताप कशाचा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मलाही कळत होतं. मी आतल्या खोलीत पोरीच्या उशाशी बसलो होतो तेव्हा शेजारच्या गावची आशाताई, डिंपल, दारात आली. रक्ताचा थेंब घ्यायचा म्हणाली. उमेंद्र आत येऊन मला विचारू लागला, काय करू काका. मी म्हणालो, दोन दिवस पाहू, गोळ्या लागू पडताहेत. त्यानं बाहेर जाऊन डिंपलला सांगितलं, पोर बरी आहे, उद्या ये. मी असं का म्हणालो, याचं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे. ती काल-परवाची मुलगी एका थेंबावरून आजार सांगणार आणि मी गावचा डॉक्टर तिथं हात चोळत बसणार, हे मला सोसलं नाही. दोन दिवसांचे चार झाले. पाचव्या दिवशी पहाटे टिंकूला झटके आले. गाडी सांगून ती दारात येईपर्यंत पोर गेली.

तेरा दिवस मी जेवलो, झोपलो, गोळ्या दिल्या. मनात काय चाललं होतं ते मीच मला सांगत नव्हतो. लोक मला दोष देतील अशी धास्ती होती, आणि कोणी देईना तेव्हा हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मी अजून विसरलो नाही.

दोष गेला शामकलाबाईवर. उमेंद्रची बायको नीतू दुःखानं वेडीपिशी झाली होती, आणि तिला आठवलं की पोळ्याच्या दिवशी शामकलानं टिंकूच्या गालाला बोट लावून म्हटलं होतं, किती सुंदर दिसून राहिली वो पोर. एवढंच. त्यानंतर महिन्याभरात पोर तापली. उमेंद्र ठाण्यावर गेला. कवडूनं डोळे मिटून कौल दिला की जादू घराच्या भिंतीला लागून आहे. भिंतीला लागून एकच घर होतं.

कवडूला ती आधीपासूनच सलत होती. शामकलाबाईची जीभ तिखट. मागच्या नवरात्रात भर लोकांत ती त्याला म्हणाली होती, “मी रोज भाजीत हरद टाकून राहिली बापा, माह्या घरी काऊन नाई येत देव?” बाया पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. कवडूही हसला होता. तो हसला की समजावं, लक्षात ठेवलं.

रविवारी सकाळी साक्ष ठरली. हात ओला निघाला तर बाईनं घर सोडून गावाबाहेर व्हायचं, असं मोठी माणसं बोलत होती. तरणी पोरं याहून वाईट बोलत होती.

शनिवारी दुपारी सगळा गाव हलक्या धानाच्या कापणीवर गेला असताना ती माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली नाही. उंबऱ्याशी जमिनीवर टेकली, गुडघ्यावर हनुवटी ठेवली. मला तिचं तोंड पाहवेना म्हणून मी उगाच बाटल्या पुसत राहिलो.

“भाऊजी,” ती म्हणाली, “उद्या माहा हात ओला निंघन का?”

“निंघन, वयनी.”

“मी काई केलं नाई तरी?”

“तरी.”

मी तिला म्हटलं, आजच निघा, सालेकशाकडे बहीण आहे ना तुमची, महिना-दोन महिने तिथं राहा, लोक विसरतात. ती मान हलवत राहिली. पळून गेलं तर तिनंच पोर खाल्ली असं उमेंद्र जन्मभर म्हणेल, आणि ते तिला नको होतं. मरण चालेल, पण हे नको, असं काहीसं तिचं होतं. तिला उमेंद्रच्या शेजारी राहायचं होतं. उमेंद्रलाही तिनंच वाढवलं होतं.

तेव्हा मी वरच्या फळीवरचा डबा काढला. हे मी दयेनं केलं, असं मला त्या वेळी वाटत होतं. आता नीट पाहतो तेव्हा दिसतं की मला टिंकूचं ओझं कुठंतरी उतरवायचं होतं आणि ही बाई आयतीच समोर बसली होती. मी जुन्या कॅलेंडरच्या पानात पूड बांधली. सांगितलं की सकाळी घरून निघताना उजव्या हाताला, मनगटाच्या वरपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत चांगली चोळा, मग कशाला हात लावू नका. कवडूनं पाण्यावर काहीही टाकलं तरी हात कोरडा निघेल. उरलेली पुडी वाटेतल्या बोडीत, तळ्याच्या पाण्यात टाकून द्या. कवडूच्या उजव्या पिशवीत हीच पूड असते, हे मात्र मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर ती तिथंच ओरडून बोलली असती, आणि मग ती पूड त्याला कोण देतं हेही निघालं असतं.

तिनं पुडीचा वास घेतला. हे आणखी कशाकशाला लागतं, म्हणून विचारलं. आणि मी, मूर्ख माणूस, सुरू झालो. गोळ्या, बाळांची जांघ, घामोळी, नाटकातला जाळ, सगळं सांगितलं. एक मेलेली पोर आणि उद्या मारली जाऊ शकणारी बाई, या दोघींच्या मधे बसून मी माझी विद्या पाजळत होतो. ती म्हणाली, घामोळ्यांचा तिला फार त्रास आहे, काखेत रक्त येतं. मी म्हणालो, हो, त्याला उत्तम.

मग मी म्हणालो, “वयनी, माहं नाव कुठं काढजो नोको.”

“टिंकूची शपत,” ती म्हणाली. उठताना तिनं माझ्या दाराची चौकट धरली. “तुमी चार दिस पोरीसाठी किती झटले, मी पायलं ना भाऊजी. रात-दिस बसून होते. तुमचं नाव काऊन काढन मी?”

मला तेव्हा बोलता आलं असतं. समोर एकच माणूस होतं आणि ते माझ्यावर विश्वास ठेवत होतं. मी म्हणालो, ऊन फार आहे, सांभाळून जा.

रविवारी नऊच्या सुमाराला ठाण्यापुढच्या मोहाखाली गाव जमला. मी मागच्या बाजूला, पंधरा-वीस पावलांवर उभा राहिलो. कवडूचा गुंड ठाण्याच्या कोपऱ्यात होता, पण उमेंद्रनं घरून मोठा स्टीलचा गंज आणला होता, लग्नात भात शिजवतात तसला, रुंद तोंडाचा. त्याला सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहायला हवं होतं. कवडूनं काही हरकत घेतली नाही. हात ओलाच निघणार होता, तो जितका उघड निघेल तितकं बरं. उन्हात गंजाचा काठ चकचकत होता, आत तळ दिसत होता. मी तो गंज पाहिला आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. माझं सगळं चित्त हात कोरडा निघण्यावर होतं.

शामकलाबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. उजवा हात अंगापासून जरा दूर धरलेला. तो किंचित पिवळा दिसत होता, पण आमच्या बायांचे हात हळदीनं पिवळे असतातच. कवडूनं डाव्या पिशवीतून चिमूट घेतली आणि पाण्यावर टाकली. हळद पाण्यात भिजून खाली बसू लागली. त्यानं मान हलवली. तिनं हात घातला.

हात चांदीचा झाला. मनगटापर्यंत, बोटं न् बोटं, लखलखीत. रुंद गंज, वर ऊन, आणि हळदीच्या पाण्यात तो हात आरशासारखा चमकत होता. डॉक्टरसाहेबांचा पेला आठवला, पोरांची तोंडं आठवली. पहिली ओरडली नीतू. “हात पाहा. हिचा हात पाहा.” पुढची माणसं मागे सरली, मागची पुढे आली.

शामकलाबाईला कोणी चमकेबद्दल सांगितलंच नव्हतं. तीसुद्धा आपल्या हाताकडे पाहत राहिली. मग घाबरून तिनं तो बाहेर काढला आणि सांगितल्याप्रमाणे वर धरला. कोरडा ठणठणीत. एक थेंब नाही. आणि लाज सोडून सांगतो, क्षणभर मला वाटलं की जमलं. कोरडा हात म्हणजे खरा माणूस, गेली सहा वर्षं गावानं हेच पाहिलं होतं.

कवडूनं गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. त्या सगळ्या लोकांत हे काय आहे ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. आधी तो भ्यालेला दिसला. आपलीच पिशवी कोणी उलटी करून दाखवली तर माणूस जसा दिसेल तसा. मग त्याला लोकांची तोंडं दिसली, आणि त्याची भीती गेली.

“मातामायचं पानी हिले शिवून नाई राहिलं,” तो म्हणाला. नेहमीसारखं हळूच.

त्यानं आपला हात गंजात बुडवला आणि वर धरला. कोपरावरून पाणी गळत होतं. मग त्यानं उमेंद्रला हात घालायला लावला. ओला. नीतूचा ओला. पाच-सहा जणांनी घातले, सगळ्यांचे ओले, हळदीनं पिवळे. माणसाचा हात ओला होतो, एवढंच कवडू प्रत्येक वेळी म्हणत होता. बाजूचा एक म्हातारा पुटपुटला की कोरडा म्हणजे खरा असंच होतं ना आजवर. त्याचं कोणी ऐकलं नाही. त्याला साथ द्यायला दुसरा एक आवाज पुरला असता. तो आवाज माझ्याजवळ होता, आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

दोन बायांनी शामकलाला धरलं आणि तिचा ओचा झाडला. पुडी पडली. कॅलेंडरचा कागद, अर्धवट उरलेली पूड. तिनं ती बोडीत टाकली नव्हती. घामोळ्यांना होईल म्हणून ठेवली होती. मीच तिला सांगितलं होतं, उत्तम म्हणून.

कवडूनं पुडी उचलली, उलगडली, ठाण्यावरच्या दिव्यापाशी नेली आणि फुंकर मारली. पुरुषभर जाळ उठला आणि विझला. लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. कागद त्यानं दिव्यावरच धरला, तो जळून गेला. मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“कोनं देल्ली हे तुले?”

मला एकच वाक्य बोलायचं होतं. पूड माझी आहे आणि कवडूच्या उजव्या पिशवीतही हीच आहे, जाऊन पाहा. पण त्याच्यामागून दुसरे प्रश्न आले असते. तू आणखी कोणाला काय दिलंस? टिंकूला काय दिलंस? आशाताईला दारातून परत का पाठवायला लावलंस? उमेंद्रच्या हातात तेव्हा गंज उचलायचं लाकूड होतं, आणि मी त्या लाकडाकडे पाहत होतो. माझी दातखीळ बसली. खरं सांगायचं तर बसली नाही, मी ती बसू दिली.

शामकलाबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. लोकांनी तिच्या नजरेमागून माझ्याकडे पाहू नये म्हणून तिनं मान खाली घातली असणार, हे मला नंतर कळलं.

“कोनी नाई देल्ली,” ती म्हणाली. “माहीच हाय.”

पुढचं मी पाहिलं नाही. पाठ फिरवून घरी गेलो, दार लावलं आणि आतल्या खोलीत बसलो. ऐकू मात्र सगळं आलं. आमचं गाव लहान आहे.

पोलिसांना फोन डिंपलनं केला, तिच्या गावाहून, कोणीतरी मोबाइलवर टाकलेला व्हिडिओ पाहून. गाडी यायला दीड तास लागला. शामकलाबाई शेताच्या काठाला, धुऱ्यावर पडलेली सापडली, कापलेल्या धानाच्या पेंढ्यांशेजारी. तिला आधी अर्जुनीला आणि तिथून गोंदियाला नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. उमेंद्र, कवडू आणि आणखी पाच जण आत आहेत. नीतू माहेरी गेली. दोन्ही घरांना कुलूप आहे.

पोलिसांनी माझाही जबाब घेतला. मी सांगितलं की त्या दिवशी मी केशोरीच्या बाजाराला गेलो होतो. मला मोहाखाली पाहिलेली चाळीस-पन्नास माणसं गावात आहेत, पण मला पाहिलं असं सांगायचं तर स्वतः तिथं होतो हेही सांगावं लागतं. कवडू पुडीबद्दल अवाक्षर बोलला नाही म्हणे. बोलला तर त्याची देवी खोटी पडते. मी त्याला आणि तो मला, असे आम्ही एकमेकांना सांभाळून आहोत, तो तुरुंगातून आणि मी इथून. याची मला किळस येते. तरी रोज सकाळी कोणी पोलीस आला नाही म्हणून बरंही वाटतं.

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला. हवा ओलसर, गोळ्या चिकटू लागल्या. मी ताटात गोळ्या पसरून त्यांना पूड चोळत बसलो होतो तेव्हा डिंपल आली. तिच्या काखेत रजिस्टर होतं. टिंकूच्या मृत्यूचा फॉर्म भरायचा राहिला होता, आईबाप दोघंही गावात नाहीत, म्हणून वरून तिच्यामागे लकडा लागला होता. मी तिला बसायला सांगितलं. हात पुसायला फडकं सापडेना, म्हणून पुन्हा ताटातच घातले.

रजिस्टर तिनं लगेच उघडलं नाही. दवाखान्यात शामकलाबाईजवळ शेवटचे दोन दिवस तीच होती, दुसरं कोणी आलं नाही, असं तिनं सांगितलं. सालेकशाची बहीण आली ती गेल्यावर. तोंड सुजलेलं, जबडा मोडलेला, म्हातारीचं बोलणं नीट कळत नव्हतं. एकच गोष्ट ती परत परत सांगत होती.

“म्हने, डाक्टरले सांगजो,” डिंपल म्हणाली, “मी नाव नाई घेतलं.”

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी गोळ्या चोळत राहिलो.

“कोनतं नाव, काका?”

ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. माझ्या हातांकडे पाहत होती. हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. मला वाटतं तिला थोडंफार कळलं होतं, आणि ती मला संधी देत होती. कमी वयाची मुलगी, पण तिच्या त्या बसण्यात घाई नव्हती. मी माझंच म्हटलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं, शिव्या न देता. एवढा सोपा माणूस मला पुन्हा भेटणार नव्हता.

“मले का मालूम बाई,” मी म्हणालो.

तिनं रजिस्टर मांडीवर घेतलं, पेनचं टोपण काढलं. टिंकूला ताप कोणत्या दिवशी आला ते विचारलं. मी बरोबर तारीख सांगितली. झटके कधी आले ते विचारलं. तेही बरोबर सांगितलं. ती लिहीत होती, अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल.

“अना चार दिस औषध कोनाचं चालू होतं?”

फळीवर माझ्या नावाच्या पुड्या रचून ठेवल्या होत्या. तसल्याच चार टिंकूच्या आजारात रिकाम्या झाल्या होत्या. शामकला गेली होती, टिंकू गेली होती, उमेंद्र आत होता आणि नीतू दूर. हे सगळं माझ्या मनात किती पटकन जमून आलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

“घरचंच होतं काई तरी,” मी म्हणालो. “शामकला काढा पाजून राहिली होती तिले.”

डिंपलनं मान खाली घातली आणि लिहून घेतलं.